संतचरित्रातील शुश्रूषेचे स्थान : वसईच्या गोन्सालो गार्सियाच्या चरित्राचा विचार

संताचे चरित्र लिहिणाऱ्यापुढे एक अडचण नेहमी उभी राहते. चरित्राला प्रसंग लागतात आणि सेवा ही प्रसंगांनी बनलेली नसते. रोग्याची जखम धुणे, त्याला पाणी पाजणे, त्याचे अंथरूण बदलणे या क्रिया आज घडतात, उद्या पुन्हा घडतात आणि परवाही त्याच क्रमाने घडतात. त्यांत कथानक नाही, कलाटणी नाही आणि शेवटही नाही. म्हणून ज्या संताचे आयुष्य रुग्णांच्या सान्निध्यात गेले, त्याचे चरित्र सांगताना चरित्रकार बहुधा शुश्रूषेचा एका वाक्यात उल्लेख करून पुढे सरकतो व जेथे कथा सापडेल तेथे थांबतो. ही कथा कधी चमत्काराची असते, तर कधी मृत्यूची. शुश्रूषा मात्र दोहोंच्या आड जाते. वसई येथे जन्मलेला व १८६२ मध्ये कॅथलिक धर्मसभेने संत म्हणून घोषित केलेला गोन्सालो गार्सिया याच्या चरित्रात ही प्रक्रिया फार स्पष्टपणे पाहावयास मिळते. मराठी प्रदेशात जन्मलेल्या या संताची मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारशी दखल घेतलेली नाही. त्याचे चरित्र हा केवळ एका धर्मसमाजाच्या श्रद्धेचा विषय नसून संतचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या मर्यादा तपासून पाहण्याचे ते एक उत्तम साधन आहे.

प्रथम चरित्राची रूपरेषा पाहणे अवश्य आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर सुमारे वीस-बावीस वर्षांनी, म्हणजे १५५७ च्या सुमारास, गोन्सालोचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज व माता कोकणातील स्थानिक स्त्री, असे परंपरेने मानले जाते. वसईतील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले. पौगंडावस्थेत असतानाच तो एका येशूसंघीय धर्मगुरूबरोबर जपानला गेला. तेथे सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम करीत असता त्याने जपानी भाषा उत्तम प्रकारे आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा सफल झाली नाही. काही काळ पूर्वेकडील बंदरांत व्यापार केल्यावर तो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामील झाला. पण दीक्षित धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा बंधू म्हणून.

फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनाला वकील म्हणून तोयोतोमी हिदेयोशीकडे पाठविले. त्याच्यासोबत जे तीन बंधू गेले त्यांत गोन्सालो होता आणि दुभाष्याचे काम त्याच्याकडे होते. हिदेयोशीने त्यांना राहण्याची अनुज्ञा दिली व क्योतो येथे जागाही दिली. तेथे १५९४ मध्ये मठ व प्रार्थनामंदिर उभे राहिले. त्यालगतच सांता आना व सान होसे या नावांची दोन रुग्णालये निघाली. त्यांत दरिद्री रोग्यांना व विशेषतः कुष्ठरोग्यांना आश्रय मिळत असे. ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर अडकले. त्यातून उद्भवलेल्या राजकीय संशयाचा परिणाम असा झाला की, हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या अनुयायांना देहदंड फर्माविला. जानेवारी १५९७ मध्ये क्योतो येथे त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. त्यानंतर भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना चालवीत नेऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर वधस्तंभांवर मारण्यात आले. मृतांची संख्या २६ होती : सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी सामान्य ख्रिस्ती. या सर्वांना १६२७ मध्ये ‘धन्य’ व ८ जून १८६२ रोजी ‘संत’ म्हणून घोषित करण्यात आले.

ही रूपरेषा वाचतानाच एक गोष्ट ध्यानात येते. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांतील घटना दिनांकवार सांगता येतात. त्याआधीच्या तीन वर्षांबद्दल, म्हणजे ज्या काळात रुग्णालये चालली त्या काळाबद्दल, सांगण्यासारखी वाक्ये दोन किंवा तीनच उरतात. साधनांची अल्पता हे याचे संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे. मूळ साधने कशासाठी लिहिली गेली, हे पाहिले म्हणजे खरे कारण कळते.

या घटनेविषयीची समकालीन साधने मुख्यतः दोन बाजूंची आहेत. येशूसंघाचा लुईस फ्रॉइस याने १५९७ मध्येच या वधाचा वृत्तांत लिहिला व त्याच वर्षी नागासाकी येथे तो मरण पावला. दुसऱ्या बाजूस मार्सेलो द रिबादेनेइरा या फ्रान्सिस्कनाचा इतिहासग्रंथ आहे. तो १६०१ मध्ये बार्सिलोना येथे प्रसिद्ध झाला. रिबादेनेइरा त्या वर्षांत जपानातच होता व मृत झालेले बंधू त्याचे सहवासी होते. या दोन संघांत त्या वेळी तीव्र विवाद चालू होता. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८५ मध्ये जपानातील धर्मकार्याचा अधिकार केवळ येशूसंघाला दिला होता. फ्रान्सिस्कन वकिलीच्या निमित्ताने आले व तेथेच राहून उघडपणे उपासना करू लागले. १५८७ च्या हद्दपारीच्या आज्ञेनंतर येशूसंघीयांनी स्वीकारलेले सावधगिरीचे धोरण त्यामुळे धोक्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, दरिद्री लोकांत मिसळून राहणे हाच ख्रिस्ताचा मार्ग होय, असे फ्रान्सिस्कनांचे प्रतिपादन होते. सारांश, क्योतोतील रुग्णालयांचे वर्णन हे प्रारंभापासूनच एका वादातील पुरावा म्हणून आले आहे. फ्रान्सिस्कन लेखक रुग्णालयांची स्तुती करतो ती आपल्या संघाचे समर्थन करण्यासाठी; येशूसंघीय लेखक त्यांच्याबद्दल अल्पभाषी राहतो तोही त्याच कारणाने. रुग्ण कोण होते, ते कोठून आले, त्यांपैकी किती बरे झाले, रुग्णालयांचे चालक पकडले गेल्यावर त्यांचे काय झाले, हे प्रश्न दोन्ही पक्षांच्या दृष्टीने गौण होते.

येथे येशूसंघाला न्याय देण्यासाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जपानात पाश्चात्त्य पद्धतीचे पहिले रुग्णालय उभारण्याचे श्रेय फ्रान्सिस्कनांचे नाही. व्यापारी व शस्त्रवैद्य असलेला लुईस द आल्मेइदा याने १५५७ मध्ये, म्हणजे गोन्सालोच्या जन्माच्या सुमारासच, फुनाइ येथे रुग्णालय काढले होते व त्यात कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. पुढे धर्मसंघीयांनी स्वतः वैद्यक करण्यावर निर्बंध आले आणि आल्मेइदाचे लक्ष धर्मप्रसाराकडे वळले. अशा रुग्णालयात मुख्यतः दरिद्री व बहिष्कृत लोकच येत. राजांना व सरदारांना आपल्या बाजूस वळवून घेऊ पाहणाऱ्या धोरणाशी त्याचा मेळ बसणे कठीण होते. जपानी समाजात कुष्ठरोगी हा केवळ रोगी नव्हता, तर तो अस्पृश्यवत् मानला जाई. त्याच्या सेवेला वाहून घेणे म्हणजे प्रतिष्ठितांचा रोष ओढवून घेणे होते. हा संदर्भ लक्षात घेतला तर क्योतोतील दोन छोट्या रुग्णालयांचे महत्त्व अधिक चांगले उमगते.

शुश्रूषा चरित्रातून बाजूला पडण्याचा एक मार्ग चमत्काराचा आहे. त्याचे सर्वांत परिचित उदाहरण फ्रान्सिस झेव्हियरचे होय. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यास पोहोचला व राजवाड्यात न राहता त्याने रुग्णालयात मुक्काम केला. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी रोममधील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात रुग्णांची व शहराबाहेरील कुष्ठरोग्यांची सेवा साध्या शब्दांत नमूद झालेली आहे. त्यात अद्भुत काही नाही. त्याच्या मृत्यूनंतर १५५६-५७ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या आज्ञेने गोवा, कोचीन, वसई व मलाक्का येथे साक्षी नोंदविण्यात आल्या. त्यांत रोग बरे केल्याच्या कथा येऊ लागल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरची चरित्रे व १६२२ मधील संतपदाची घोषणा येथपर्यंत मृतांना जिवंत केल्याच्या कथाही प्रमाण मानल्या गेल्या. अँड्र्यू डिक्सन व्हाइट याने १८९६ मध्ये हा क्रम मांडून दाखविला व त्यावरून चमत्कारकथांच्या वाढीचा सिद्धान्त काढला. त्यावर असा आक्षेप घेता येतो की, नम्र मनुष्य आपल्या पत्रांत स्वतःचे चमत्कार सांगणार नाही. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. तथापि वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचे आहे ते निराळेच. पत्रातील झेव्हियर रुग्णाजवळ बसतो. चरित्रातील झेव्हियर रुग्णाला बरे करतो. बसणे ही शुश्रूषा आहे आणि बरे करणे हे सामर्थ्य आहे. चरित्रकाराला सामर्थ्य हवे असते. म्हणून बसण्याचे वर्णन संक्षिप्त होत जाते व बरे करण्याचे वर्णन विस्तार पावते.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया अपरिचित वाटण्याचे कारण नाही. महिपतीच्या एकनाथचरित्रात दोन प्रकारचे प्रसंग शेजारी शेजारी येतात. तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अंत्यजाच्या मुलाला एकनाथ उचलून कडेवर घेतो, हा पहिल्या प्रकारचा प्रसंग. त्यात अद्भुताचा अंश नाही. केवळ वाकणे व उचलणे आहे. दुसरा प्रसंग त्र्यंबकेश्वरी तप करणाऱ्या कुष्ठी ब्राह्मणाचा आहे. दृष्टांतानुसार तो पैठणास येतो आणि अंत्यजांना अन्नदान केल्याचे एकनाथाचे पुण्य मिळताच त्याचा रोग नाहीसा होतो. या दुसऱ्या प्रसंगात रोगी आहे, पण शुश्रूषा नाही. रोग्याचे शरीर हे पुण्याचे मोजमाप करण्याचे साधन झाले आहे. महिपतीने दोन्ही प्रसंग सारख्याच श्रद्धेने सांगितले आहेत. परंतु आजच्या वाचकाच्या मनात घर करून राहतो तो वाळवंटातील मुलाचा प्रसंग, ही गोष्ट संतचरित्राच्या टीकाकाराने विसरता कामा नये. कृतीचे साधे वर्णन हे चमत्काराच्या वर्णनापेक्षा दुर्बळ असते, हा चरित्रकारांचा समज येथे खोटा ठरतो.

गोन्सालोच्या बाबतीत शुश्रूषा झाकली गेली ती चमत्काराने नव्हे, तर मृत्यूने. रक्तसाक्ष्याचे चरित्र हा ख्रिस्ती परंपरेतील अतिप्राचीन प्रकार आहे. त्याचा सर्व भार शेवटच्या दिवसांवर असतो : अटक, चौकशी, प्रवास, अखेरचे शब्द व मृत्यू. संतपदाच्या चौकशीतही रक्तसाक्ष्याच्या बाबतीत मुख्य प्रश्न असा असतो की, तो श्रद्धेसाठी मारला गेला काय? तो त्यापूर्वी कसा जगला, हा प्रश्न दुय्यम ठरतो. वसईच्या परिसरातील ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा कलही याच दिशेचा दिसतो. फ्रान्सिस्कन संघाच्या फ्रान्सिस्को व्हास द गिमारायन्श याचे वसईकडील मराठी बोलीतील पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. त्याचा विषय ख्रिस्ताचे दुःखभोग व मरण हा आहे. ज्या समाजाने दुःखभोगाची कथा आपल्या बोलीत गाइली, त्याने आपल्या भूमीत जन्मलेल्या संताकडेही वधस्तंभावरील मनुष्य म्हणून पाहावे, हे स्वाभाविक होय. १९६९ च्या सुधारित रोमन पंचांगात या सव्वीस जणांचा स्मरणदिन ६ फेब्रुवारी हा ठेवला असून तो ‘पावलो मिकी व सहकारी’ या नावाने ओळखला जातो. वसईचा बंधू तेथे ‘सहकारी’ या शब्दात सामावून गेला आहे.

तथापि मृत्यूच्या कथेतही शुश्रूषेचा पुरावा शिल्लक राहिला आहे. त्यासाठी अखेरचे शब्द न वाचता मृतांची यादी वाचली पाहिजे. सतरा सामान्य जनांत सान होसे रुग्णालयाची व्यवस्था पाहणारा पावलो सुझुकी आहे. फ्रान्सिस्को नावाचा एक वैद्य आहे. बंधूंच्या घरी स्वयंपाक करणारा जोआकिम आहे. मठात राहून सेवा करणारी लुईस, अंतोनियो व तोमास ही बारा ते चौदा वर्षांच्या आसपासची मुले आहेत. चरित्रकारांनी ही यादी श्रद्धेच्या साक्षीदारांची यादी म्हणून जपली. परंतु वैद्य, व्यवस्थापक, स्वयंपाकी व दुभाषी असा हा समुदाय पाहिला म्हणजे त्यातील बराच भाग मठ व त्याच्या रुग्णालयांची हजेरीपत्रिकाच आहे असे दिसून येते. जे क्योतोत एकत्र काम करीत होते तेच नागासाकीत एकत्र मारले गेले. साधनांनी जी गोष्ट सांगण्याचे मनात आणले नव्हते ती त्यांनी अशा रीतीने सांगितली आहे.

या समुदायात गोन्सालोचे स्थान काय असावे, याचा विचारही या दृष्टीने करता येतो. १५९३ मध्ये आलेल्या चौघांत जपानी भाषेवर प्रभुत्व असलेला तो एकटाच होता. चरित्रकार त्याच्या भाषाज्ञानाचा उल्लेख मुख्यतः हिदेयोशीच्या दरबारासंबंधात करतात. कारण दरबार हा प्रसंग आहे. पण वकिलीची भेट क्वचित होते आणि रुग्णाशी बोलणे रोजचे असते. कोठे दुखते, किती दिवसांपासून दुखते, घरचे कोण आहे, हे विचारल्यावाचून कोणतीही शुश्रूषा होत नाही. निदान आरंभीच्या काळात हे विचारण्याचे काम परक्या बंधूंच्या वतीने त्याच्यावाचून दुसरा कोण करू शकला असता? हे अनुमान आहे, लेखी पुरावा नव्हे. परंतु ते परिस्थितीशी सुसंगत आहे. दीक्षा न मिळालेला, मिश्र वंशाचा, पूर्वी व्यापार केलेला हा साधा बंधू रोग्याच्या व परक्या मठाच्या मध्ये उभा होता.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो व तो टाळून चालणार नाही. ही शुश्रूषा निरपेक्ष होती काय? रुग्णालय हे धर्मांतराचे साधन नव्हते काय? फ्रान्सिस्कन हे स्पॅनिश सत्तेच्या वकिलातीतून आले होते आणि बंदीचा हुकूम असतानाही उघड धर्मप्रसार करीत होते, ही वस्तुस्थिती आहे. मराठी वाचकाच्या मनात तर हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहील. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यातील व उत्तर कोकणातील मंदिरांचा विध्वंस, १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले धर्मन्यायालय आणि त्याची मागणी करणारे झेव्हियरचे १५४६ मधील पत्र या गोष्टी विसरून संतचरित्र वाचता येत नाही. ज्या हाताने कुष्ठरोग्याची सेवा केली त्याच हाताने ती मागणी लिहिली. चरित्रकार एक हात दाखवितात व विरोधक दुसरा. टीकाकाराने दोन्ही दाखविले पाहिजेत. मात्र हेतू संमिश्र आहे म्हणून कृती नाहीशी होत नाही. क्योतोच्या रस्त्यावर टाकून दिलेल्या रोग्याला छप्पर मिळाले, हे सत्य ते छप्पर घालणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नाही. तसेच ते छप्पर मिळाले म्हणून हेतूची चिकित्सा करण्याचा अधिकारही संपत नाही.

पुण्याच्या अभ्यासकाला अशा गुंतागुंतीची एक खूण जवळच सापडते. चिमाजी आप्पाने मे १७३९ मध्ये वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी प्रदेशातील मंदिरांत गेल्या; भीमाशंकर येथील घंटा त्यांपैकीच एक म्हणून ओळखली जाते. त्याच पेशवाईत १७९२ मध्ये पुण्यातील ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी जागा देण्यात आली व आजचे सिटी चर्च उभे राहिले. इतिहासाचे हे दोन्ही पुरावे एकाच राज्यसत्तेचे आहेत. त्यांतील एकच निवडून सिद्धान्त काढणे जितके चुकीचे, तितकेच संतचरित्रातील एकच हात पाहणे चुकीचे होय.

तुलनेसाठी पुण्यातीलच आणखी एक उदाहरण घेता येईल. नागासाकीच्या घटनेनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली व त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोगग्रस्त मुलाला मुंढव्याहून पाठीवर घेऊन त्या दवाखान्याकडे निघाल्याची आठवण प्रसिद्ध आहे. येथे शुश्रूषा व मृत्यू हे एकच आहेत. मृत्यू सेवेतून आला. म्हणून चरित्रकार मृत्यू सांगू लागला की त्याला सेवा सांगावीच लागते. गोन्सालोच्या चरित्रात मृत्यू राजाज्ञेने आला व सेवेपासून तोडून सांगता आला. संतचरित्रात शुश्रूषा टिकते की झाकली जाते, हे पुष्कळ अंशी या फरकावर अवलंबून असते, असे म्हणता येईल.

अलीकडच्या काळात गोन्सालोच्या नावाला आणखी एक विशेषण चिकटले आहे : भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. हे विशेषण यथार्थ आहे व वसईच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाला त्याचा अभिमान वाटावा यात नवल नाही. गास येथील चर्चला व वसईतील महाविद्यालयाला त्याचे नाव दिलेले आहे. परंतु चमत्कार व हौतात्म्य यांच्याप्रमाणेच ‘पहिलेपणा’ हाही शुश्रूषेवर पडदा टाकू शकतो. तो पिता व माता यांच्या वंशाच्या चर्चेत वाचकाला गुंतवितो आणि क्योतोतील खोली पुन्हा रिकामी राहते.

गोन्सालो गार्सियाचे नवे मराठी चरित्र लिहावयाचे झाल्यास ते कसे असावे, हे या विवेचनावरून सूचित होते. म्हाइंभटाने लीळाचरित्रासाठी ज्या चिकाटीने एकेका साक्षीदाराची स्मृती गोळा केली, त्या चिकाटीने दोन्ही संघांची साधने शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एका संघाचे मौनही पुरावा म्हणून पाहिले पाहिजे. सव्वीस जणांच्या यादीतील प्रत्येकाचे काम शोधले पाहिजे. १५९४ ते १५९६ या वर्षांना नागासाकीच्या एका दिवसाइतकी तरी जागा दिली पाहिजे, मग त्यासाठी पाने थोडी व वर्णन साधे राहिले तरी हरकत नाही. जेथे पुरावा संपतो तेथे अद्भुताने भर घालू नये आणि जेथे हेतू संशयास्पद आहे तेथे गौरवाने तो झाकू नये. वसईहून गेलेला एक मनुष्य परक्या भाषेत कुष्ठरोग्यांशी बोलत होता, एवढे जरी अशा चरित्रातून वाचकासमोर नीट उभे राहिले, तरी त्याच्या मृत्यूचा अर्थ लावण्यास आजवरच्या चरित्रांपेक्षा अधिक भक्कम आधार मिळेल.